पाचशे अंशांना नकार

अंकासाठी ‘लढाईच्या दिवसांतलं जबलपूर’ या विषयावर काहीतरी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं. लढाई म्हटलं की लोकांना भोंगे, खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद आणि रेडिओभोवती जमलेला मोहल्ला आठवतो. ते सगळं जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर भागातही होतं. पण मी त्यातलं काही लिहिणार नाही. मी पोलादाबद्दल लिहिणार आहे. ज्याला कंटाळा येईल त्यानं पान उलटावं, पुढे एखादी चांगली कथा असेलच.

कारखान्याचं नाव देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. पोलादाचं मात्र काही बदललेलं नाही.

मी भट्टीखात्यात होतो. साहेब लोक त्याला हीट ट्रीटमेंट शॉप म्हणत. लेथवर कापून, घासून तयार झालेला भाग आमच्याकडे मऊ येई आणि आमच्याकडून कामाचा होऊन जाई. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून आमच्या कामाचं कौतुक कधी कोणी केलं नाही. घडवणाऱ्याचं काम दिसतं, रंगवणाऱ्याचं त्याहून जास्त दिसतं. आमचं काम धातूच्या पोटात व्हायचं आणि ते बिघडलं तरच लोकांच्या डोळ्यांवर यायचं.

स्टेनलेस म्हटलं की लोकांपुढे ताटवाट्या येतात. ते पोलाद वेगळं. त्याला चुंबक धरत नाही, आणि तुम्ही ते कितीही तापवा, कितीही वेळा पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही. आमचं पोलाद दुसऱ्या घराण्यातलं. त्यात तेरा टक्के क्रोमियम, म्हणून ते सहसा गंजत नाही. सोबत थोडा कार्बन, म्हणून त्याला पाणी देता येतं. म्हणजे लाल तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं. पुस्तकात याला मार्टेन्सिटिक म्हणतात. आम्ही नुसतं ‘तेरा टक्के’ म्हणायचो. डॉक्टरची कात्री, पंपाचा दांडा, टर्बाइनची पाती, सगळी याच घराण्यातली. जिथे ताकद हवी आणि ओलही सोसायची आहे, तिथे हे लागतं.

हा फरक लोकांना समजावणं सोपं नसतं. आमच्या कँटीनवाल्याचे साडू सिहोऱ्याला शेती करायचे. त्यांनी हौसेनं गोहलपूरच्या एका वर्कशॉपमधून स्टेनलेसच्या पत्र्याचा विळा करून घेतला, कधीच गंजू नये म्हणून. विळा आरशासारखा चमके, पण गवत कापायच्या ऐवजी वाकवून सोडे. ते तो गमछ्यात गुंडाळून बसनं आले आणि फाटकावर मला बोलावून म्हणाले, “भैया, इसको अपनी भट्टी में पानी चढ़ा दो.” आमचे फोरमन मिस्त्रीजी सोबत होते. त्यांनी खिशातलं चुंबक विळ्याला लावलं. ते टपकन खाली पडलं.

“ये थाली है दादा,” मिस्त्रीजी म्हणाले. “थाली को हँसिया का कपड़ा पहना दिया है.”

साडू भडकले. कारखान्याचे लोक माजले आहेत, गरिबाचं काम करत नाहीत, असं म्हणत निघून गेले. त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

मिस्त्रीजी म्हणजे झल्लूप्रसाद विश्वकर्मा. पिढीजात लोहार. इंग्रजांच्या वेळी हमाल म्हणून कारखान्यात लागले आणि भट्टीखात्याचे फोरमन झाले. इंग्रजी येत नव्हतं, पण भट्टीच्या दारातून आत नुसतं बघून ते तापमान सांगत, आणि मग आम्ही मीटर बघायचो. मीटर चुकलेलं असायचं. मी डिप्लोमा घेऊन आलेला. पहिल्या महिन्यातच त्यांनी माझ्या डिप्लोम्याला त्याची पायरी दाखवली.

झालं असं, की मी तेरा टक्केच्या पिनांचा एक घाणा तापवला आणि तेलात विझवला. सगळं पुस्तकाप्रमाणे. आधी साडेसातशे अंशांपर्यंत हळूहळू, कारण या पोलादात उष्णता आत शिरायला वेळ घेते आणि घाई केली तर ते वाकतं. मग हजारच्या आसपास, पिकल्या संत्र्याचा रंग येईपर्यंत. मग सरळ तेलात. तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला. मी पिना ट्रेमध्ये ठेवल्या आणि सायकल काढून घरी आलो. म्हटलं, पुढचं उद्या.

सकाळी मिस्त्रीजी ट्रेजवळ स्टुलावर बसले होते. त्यांनी मला हातानं गप्प राहायची खूण केली आणि कान जवळ न्यायला लावला. टिक्. थोड्या वेळानं पुन्हा, टिक्. पिना आपोआप तडकत होत्या. कोणी हात लावत नव्हतं.

“सुन लिया? अब जिंदगी भर मत भूलना,” ते म्हणाले. “पानी दिया हुआ लोहा गुस्से में रहता है. उसको इंतज़ार नहीं कराते.”

तेलातून निघालेलं हे पोलाद काचेसारखं असतं. कडक, पण पोटात ताण भरलेला. त्याला लगेच पुन्हा तापवावं लागतं, पहिल्यापेक्षा खूप कमी. त्याला टेंपरिंग म्हणतात. मिस्त्रीजी ‘आब उतारना’ म्हणत. त्यानं थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. किती उतरवायचं हे कामावर ठरतं. धारेचं काम असेल तर दोनशेच्या आसपास, म्हणजे कडकपणा राहतो. धक्का सोसायचं काम असेल तर साडेसहाशेच्या पुढे.

आणि या दोन्हींच्या मधे एक पट्टा आहे. चारशेपासून जवळपास सहाशेपर्यंत. तिथे थांबायचं नाही. पुस्तकातही लिहिलं आहे, पण मिस्त्रीजींना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. त्या पट्ट्यात टेंपर केलेलं तेरा टक्के फसवतं. कडकपणा मोजायच्या यंत्रावर आकडा सुंदर येतो. कानस घासली तर घसरते. पण जोराचा धक्का बसला की ते वाकत नाही, सरळ तुटतं. वर पुन्हा गंजतंही लवकर. मिस्त्रीजी म्हणायचे, “बीच के बरामदे में चोर बैठा है. या तो आँगन में रहो, या कोठरी में.”

एवढं कळलं की पुढचं कळायला अडचण नाही.

एकाहत्तरचा हिवाळा. आमच्याकडे तोफांचं काम होतं. तोफ सुटली की नळी जोरात मागे येते. तिला थोपवायला तेलानं भरलेलं एक नळकांडं असतं आणि त्याच्या आत एक दांडा. प्रत्येक गोळ्याला सगळा हिसका त्या दांड्यावर. तो तुटला तर नळी थांबत नाही, आणि मागे माणसं उभी असतात. तो दांडा तेरा टक्केचा होता. आम्ही तो साडेसहाशेच्या वर टेंपर करायचो.

नोव्हेंबरात वरून पत्र आलं की वापरातल्या काही दांड्यांवर ओरखडे पडून तेल गळतं आहे, दांडा अधिक कडक करा. नवा आकडा दिला होता. आमचे वर्क्स मॅनेजर भटनागर साहेब. हुशार माणूस, कामाला वाघ, महिनाभर घरी नीट जेवले नसतील. त्यांनी चार्ट उघडला, आकड्यासमोर बोट ठेवलं आणि खाली मला हुकूम आला, टेंपरिंग पाचशे अंशांवर.

मी कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

“सर, हा मधला पट्टा आहे. आकडा येईल, पण दांडा ठिसूळ होईल.”

“ड्रॉइंग में हार्डनेस लिखी है. हार्डनेस मिल रही है कि नहीं?”

“मिळेल.”

“तो फिर?”

मी म्हटलं, मला एक दिवस द्या, दाखवतो. त्यांनी दिवस दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी एकाच सळीतून दोन तुकडे कापले. एक पाचशेवर टेंपर केला, एक साडेसहाशेवर, आणि दोन्ही प्रयोगशाळेत मिस सायमनकडे नेले.

मिस सायमन छावणीतल्या सदरची राहणारी, रेल्वे गार्डची मुलगी. बोलणं कमी आणि अक्षर मोत्यासारखं. तिच्याकडे एक यंत्र होतं, जाड लोलकासारखा हातोडा वरून सुटतो आणि खाच पाडलेला तुकडा मोडून पलीकडे जातो. तुकडा चिवट असेल तर हातोडा दमतो, फारसा वर चढत नाही. साडेसहाशेच्या तुकड्यानं हातोडा जवळजवळ अडवून धरला. पाचशेचा तुकडा असा गेला की वाटेत काही होतं की नाही याची हातोड्याला दादही नव्हती. मोडलेलं तोंड साखरेच्या खड्यासारखं चमकत होतं. मिस सायमननं दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये लिहिले आणि खाली सही केली.

भटनागर साहेब स्वतः आले. त्यांनी तुकडे बघितले, रजिस्टर बघितलं. मला वाटलं, समजलं.

“ये टेस्ट इस पार्ट के लिए ज़रूरी नहीं है,” ते म्हणाले. “मिस सायमन, ये पन्ना निकाल दीजिए. कन्फ्यूजन होगा.”

“पन्नों पर नंबर छपा है सर,” ती म्हणाली. “निकालूँगी तो दिखेगा.”

तिनं रजिस्टर बंद केलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये. आठवडाभरात तिची बदली ड्रॉइंगच्या जुन्या नकला ठेवायच्या खोलीत झाली. तिच्या बाजूनं मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. माझंच धोतर सांभाळत होतो, असं म्हणू या.

त्याच दिवशी दुपारी मला लेखी आदेश मिळाला. मीच मागितला होता, साहेब लेखी देणार नाहीत या भरवशावर. त्यांनी दिला. मी तो वाचला आणि त्याच कागदाखाली लिहिलं, ‘हे काम मी करणार नाही. दांडे तुटतील.’ सही, तारीख.

मिस्त्रीजी धावत आले. मला वाटलं पाठ थोपटतील.

“पागल हो गया क्या, वैरागडे? साहब ने लिख के दिया है. कर दे.”

“तुम्हीच शिकवलं ना मिस्त्रीजी, बरामद्यात चोर आहे म्हणून?”

ते भट्टीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, “मेरा रामकिशोर तोपखाने में है. तीन हफ़्ते से चिट्ठी नहीं. यहाँ नौ तोपें एक डंडे के लिए खड़ी हैं. तू बहस कर रहा है, उधर लड़का खाली हाथ बैठा होगा.”

रामकिशोरला मी लहानपणापासून बघितलं होतं. माझ्याजवळ उत्तर होतं, त्याच रामकिशोरच्या मागे तो दांडा असेल. पण मुलाच्या चिठ्ठीची वाट बघणाऱ्या बापाला हे तोंडावर कसं सांगायचं? नाही सांगितलं. तेही माझ्या चुकांच्या खात्यावर आहे.

भटनागर साहेबांनी मला सगळ्या खात्यासमोर उभं केलं. लढाईच्या दिवसांत उत्पादन अडवणाऱ्याला काय म्हणतात हे मला माहीत आहे का, असं विचारलं. शब्दही उच्चारला. गद्दार. भट्टीवरचे दहा-बारा लोक माझ्याकडे बघत होते. त्यातल्या अर्ध्यांना मी काम शिकवलं होतं. कोणाच्या नजरेत माझ्याबद्दल शंका होती, कोणाच्या नजरेत भीती. मी म्हटलं, “भट्टी पेटवायला हात लागतात साहेब. माझे मिळणार नाहीत.”

संध्याकाळी घरी आलो तर बातमी आधीच पोहोचलेली. नळावर कोणीतरी आमच्या नलूला विचारलं होतं, तुमच्या मिस्टरांनी तोफा अडवल्या म्हणे. नलू नागपूरची, सरळ बोलणारी. तिनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, “काहून नाही म्हणून राहिले तुम्ही? सगळ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त समजते का?”

“या एका गोष्टीत, हो.”

“नक्की तुटन ते?”

“सगळे नाही तुटणार. बरेचसे टिकतील. एखादा तुटेल. कधी, ते सांगता येत नाही.”

ती थांबली. पोळपाटावरची पोळी तशीच. “आन् तो एखादा कोनाच्या वाट्याला येईन, तेही नाही सांगता येत?”

“नाही.”

“मंग तुम्ही म्हणता ते बरोबर हाय,” ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. “पोलीस आले तं मी बाबाले तार करीन. तुम्ही हात धुवा.”

पोलीस आले नाहीत. मला भंगारच्या यार्डात पाठवलं. भट्टीवर दुसऱ्या पाळीच्या चार्जमनला बसवलं. त्याला मी दोष देत नाही; त्याच्या हातात लेखी आदेश होता आणि घरी चार लेकरं. बेचाळीस दांडे पाचशेवर टेंपर झाले. सगळ्यांचा आकडा अगदी नेमका. सगळ्यांवर पासचा शिक्का.

तीन दिवस मी लोखंडाच्या ढिगाऱ्यात उभा राहून तुकडे वेगळे करत होतो. बीड एकीकडे, पोलाद एकीकडे. डोक्यात एकच चालू होतं, मी नकार दिला आणि काम झालंच. मग नकाराचा उपयोग काय? माझे हात स्वच्छ राहिले एवढाच? हात स्वच्छ ठेवायला मी कारखान्यात आलो नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी ट्रॉलीतून भंगार आलं, त्यात एक दांडा होता. नवा, पॉलिश केलेला. टोकाच्या आट्यांमध्ये खोट निघाली म्हणून बाद केलेला. मी त्याच्यावरचा लॉटचा ठसा वाचला. त्याच बेचाळीसमधला.

मी तो खांद्यावर घेतला आणि यार्डातून निघालो. परवानगीशिवाय भंगार हलवणं हाही गुन्हा. म्हटलं, एकावर एक. जबलपूरची डिसेंबरची सकाळ, दांडा बर्फासारखा गार लागत होता, आणि मला ते बरंच वाटलं. ठिसूळ पोलाद गारठ्यात अधिक ठिसूळ होतं. जिथे तोफा जाणार होत्या तिथेही उन्हाळा नव्हता.

तोफा जोडायच्या शेडमध्ये फौजेकडून आलेले एक तरुण कॅप्टन तपासणीला असत. त्यांच्याशी बोलायचा मला अधिकार नव्हता, आमचं म्हणणं साहेबांमार्फत जायचं. मी शेडमध्ये शिरलो तेव्हा ते चहा पीत होते, बाजूला मिस्त्रीजी उभे. मी कोणाशी न बोलता दांड्याचं आट्यांकडचं टोक मोठ्या व्हाइसच्या जबड्यात आवळलं.

“ये क्या है?” कॅप्टननी विचारलं.

“पास हुए लॉट का डंडा है साहब. सिर्फ़ चूड़ी खराब है, इसलिए मेरे पास आया. बाकी इकतालीस ऐसे ही हैं. आप अपने सामने इस पर घन पड़ने दीजिए. मुड़ गया, तो मुझे यहीं से पुलिस में दे दीजिए.”

“और अगर नहीं मुड़ा?”

“तो आप खुद देख लेंगे.”

कोणीतरी भटनागर साहेबांना बोलवायला पळालं. मी भिंतीला टेकवलेला घण उचलला. तीन दिवसांच्या भंगारानं हात सुजले होते, घण डगमगला. तेवढ्यात मिस्त्रीजी पुढे आले. चेहऱ्यावर राग होता. कोणावर, ते कळेना. त्यांनी माझ्या हातातून घण घेतला.

“हट. तेरा हाथ नहीं बैठेगा.”

साठीला आलेला माणूस. त्यांनी पाय रोवले, श्वास घेतला आणि लोहाराच्या हातानं, पूर्ण फेरा घेऊन घण घातला. पहिल्या घावाला दांडा घंटेसारखा वाजला. काही झालं नाही. मिस्त्रीजींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी दुसरा घातला.

दांडा तुटला. वाकला नाही, सुरकुतला नाही. आट्यांच्या मुळाशी काडीसारखा मोडला आणि मोठा तुकडा फरशीवर आपटत गडगडत कॅप्टनच्या बुटापाशी गेला. व्हाइसमध्ये राहिलेल्या टोकाचं तोंड चमकत होतं.

मिस्त्रीजींनी घण खाली ठेवला, पगडीच्या टोकानं तोंड पुसलं आणि कॅप्टनना म्हणाले, “मेरा लड़का तोप पर है हुजूर. ये उसके पीछे लगेगा?”

कॅप्टननी वाकून तुकडा उचलला. फिरवून फिरवून बघितला. भटनागर साहेब दारात येऊन पोहोचले होते. कॅप्टननी त्यांना एकच विचारलं, “कितनी तोपों में लग चुका है?”

“नौ में.”

“कहाँ हैं?”

“वैगन कल शाम चली गई.”

पुढचे चार दिवस मी बायकोचं तोंड फार बघितलं नाही. मला भट्टीवर परत बोलावलं गेलं. कोणी माफी मागितली नाही, नुसतं ‘आ जाओ’ म्हणून निरोप आला. कारखान्यात शिल्लक असलेले बत्तीस दांडे आम्ही पुन्हा साडेसहाशेवर नेले. या पोलादाची एक भली गोष्ट सांगायची राहिली. मधल्या पट्ट्यात बिघडलेलं तेरा टक्के पट्ट्याच्या वर नेऊन पुन्हा टेंपर केलं की त्याचा चिवटपणा परत येतो. माणसापेक्षा पोलाद लवकर सुधारतं. मिस सायमनला तिच्या यंत्रावर परत आणलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नीट चालवता येत नव्हतं. तिनं कपाट उघडलं, तेच रजिस्टर काढलं आणि तेच पान उलटून पुढे लिहायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, “मी तुमच्यासाठी बोलायला पाहिजे होतं.” ती म्हणाली, “हाँ, चाहिए था,” आणि पुढचा तुकडा यंत्रात लावला. बरं वाटलं मला. खोटं ‘कोई बात नहीं’ ऐकण्यापेक्षा बरं.

आणि ओरखडे? दांडा मऊ होता म्हणून ते पडतच नव्हते. नळकांड्यात तेल भरताना त्यात बारीक कचरा जात होता. तेल गाळून घ्यायला लागल्यावर ओरखडे बंद झाले. एक कापडी गाळणी. तिच्यासाठी एवढं सगळं.

नऊ तोफांच्या मागे तारा गेल्या. आठ वाटेत, डेपोत सापडल्या. त्यांचे दांडे बदलले. नववी कुठे गेली ते आम्हाला कळलं नाही. कॅप्टननी शोध घेतला, तेवढ्यात लढाई संपली, त्यांचीही बदली झाली. तिचा दांडा टिकला असेल. मी नलूला म्हटलंच होतं, बरेचसे टिकतात. रामकिशोर जानेवारीत रजेवर आला, धडधाकट. मिस्त्रीजींनी भट्टीवर सगळ्यांना पेढे वाटले. त्याच्या बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, आलेली तोफ आमच्याकडची होती का, हे त्यांनी त्याला विचारलं नाही. मीही नाही. मला आजही वाटतं की विचारायला हवं होतं, आणि आजही वाटतं की बरं झालं विचारलं नाही.

लढाई संपली, पण त्या दिवसांत माझ्यावर निघालेलं आरोपपत्र संपलं नव्हतं. कागद एकदा निघाला की त्याला परतीचा रस्ता ठाऊक नसतो. मार्चमध्ये चौकशी लागली. बाहेरून आलेले एक वयस्कर अधिकारी होते, सभ्य माणूस. त्यांनी आधी मला एकट्याला बसवून घेतलं. म्हणाले, “तुम्ही तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, हे सगळ्यांना मान्य आहे. पण लेखी आदेश मोडला, भंगार परवानगीशिवाय हलवलं, हेही खरं आहे. तुम्ही दोन ओळींत खेद व्यक्त करा. मी सगळं इथेच मिटवतो. पुढे बढतीला अडचण नको.”

ते मराठी होते. आपुलकीनं बोलत होते. मी रात्र मागितली नाही, तिथेच उत्तर दिलं. म्हटलं, “खेद आहे साहेब. लिहून घ्या.”

त्यांना हायसं वाटलं. त्यांनी कोपऱ्यातल्या कारकुनाला खूण केली. कारकुनानं टाइपरायटरमध्ये कागद चढवला.

मी सांगत गेलो आणि तो टाइप करत गेला. “पाचशे अंशांवर काम करण्यास मी नकार दिला, त्याचा मला खेद नाही. तो आदेश पुन्हा आला तर पुन्हा नकार देईन. मला खेद याचा आहे, की नकार देऊन मी तीन दिवस भंगारच्या यार्डात गप्प उभा राहिलो. ज्या दिवशी नाही म्हटलं, त्याच दिवशी घण उचलायला हवा होता. त्या तीन दिवसांत नऊ तोफा निघून गेल्या. एकीचा पत्ता लागलेला नाही.”

यंत्र थांबलं. कारकुनानं माझ्याकडे बघितलं, मग अधिकाऱ्यांकडे.

“वैरागडे,” अधिकारी हळूच म्हणाले, “ह्यानं शिक्षा टळणार नाही, कळतं ना तुम्हाला? हे असंच ठेवायचं?”

“असंच ठेवा,” मी म्हटलं, आणि सहीसाठी पेन मागितलं.